ई-चलन आलंय? ते आत्ता कुठे पडलंय, हे आधी शोधा

वडिलांची जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने आरसी बुक हातात घेतलं, फोनवर गाडीचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. सात चलनं थकलेली होती. तीन हेल्मेटची, दोन पार्किंगची, एक सिग्नल तोडल्याचं आणि एक दीडशे किलोमीटरवरच्या शहरातलं, जिथे ती स्कूटर कधी गेलीच नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, "आधी हे मिटवा, मग बोलू."

ते मिटवायला मला दोन महिने लागले. पैशांची अडचण नव्हती. सातही चलनं एका ठिकाणी नव्हती, यात वेळ गेला. चार पोलिसांच्या संकेतस्थळावर होती, दोन आभासी (ऑनलाइन) न्यायालयात गेली होती आणि सिग्नलचं चलन तालुक्याच्या कोर्टात खटला होऊन बसलं होतं. प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी, भरणा वेगळा, बोलायची माणसं वेगळी. मी सुरुवातीला चुकीची दारं ठोठावत होतो. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. हे महाराष्ट्रापुरतं आहे. इतर राज्यांत कायदा तोच असला तरी संकेतस्थळं आणि कार्यालयांच्या पद्धती वेगळ्या आहेत.

मेसेज खरा आहे का?

सर्वात आधी हे. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल पाठवून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या आहेत. त्या मेसेजमध्ये तुमच्या गाडीचा खरा नंबरही असू शकतो, त्यामुळे नंबर बरोबर आहे म्हणून मेसेज खरा असं धरू नका. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट "गव्ह डॉट इन" असा असतो, आणि चलन भरण्यासाठी कुठलंही सरकारी खातं तुम्हाला फाइल डाउनलोड करायला लावत नाही.

साधा नियम ठेवा: मेसेजमधल्या लिंकला हात लावायचा नाही. ब्राउझर उघडून पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथे आपली गाडी शोधायची. तिथे चलन दिसलं नाही तर मेसेज सोडून द्या. चुकून फाइल उघडली असेल किंवा पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

शोधायची पहिली जागा: पोलीस आणि आरटीओ

महाराष्ट्रात चलन करणारी खाती दोन आहेत, आणि बरेच जण फक्त एक तपासतात. वाहतूक पोलिसांची चलनं "महाट्रॅफिक ई-चलन" या राज्याच्या संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक अ‍ॅपवर दिसतात. आरटीओच्या, म्हणजे मोटार वाहन विभागाच्या भरारी पथकांनी केलेली चलनं केंद्राच्या "ई-चलन परिवहन" संकेतस्थळावर येतात. दोन्ही बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आहे. त्या रस्त्यावरून ये-जा असेल तर महिन्यातून एकदा तरी दोन्हीकडे नजर टाकण्याची सवय लावून घ्या.

गाडी क्रमांकावरून शोधताना चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक विचारतात. ते आरसीवर असतात. आरसी सापडत नसेल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अ‍ॅपमध्ये तिची प्रत मिळते. चलन क्रमांक माहीत असेल तर तेवढ्यावरही काम होतं.

यादी दिसली की लगेच "भरा" दाबू नका. प्रत्येक चलन उघडा आणि एका कागदावर उतरवून घ्या: चलन क्रमांक, गुन्ह्याची तारीख आणि वेळ, ठिकाण, कलम, रक्कम आणि सध्याची स्थिती. फोटो मोठा करून पाहा. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण चलन पुढे कोर्टात गेलं की तोच फोटो मिळवायला अर्ज करावा लागू शकतो.

आमच्या सातव्या चलनाचं रहस्य तिथेच उलगडलं. फोटोतला नंबर आमचा होता, पण गाडी मोटरसायकल होती. कुणीतरी आमचा नंबर लावून फिरत होता. फोटो न पाहता मी पैसे भरले असते तर त्या माणसाचा गुन्हा वडिलांच्या नावावर कायमचा चढला असता.

चलनात काय असायला हवं

हा भाग सावकाश वाचा, कारण तक्रार करायची की नाही ते इथेच ठरतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दंड वाढले. महाराष्ट्रात वाढीव दरांची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. याच दुरुस्तीने कलम १३६-अ आलं, ज्यात कॅमेऱ्यांनी आणि इतर इलेक्ट्रॉनिक साधनांनी नियमभंग टिपण्याची तरतूद आहे. त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये नियम १६७-अ हा ऑगस्ट २०२१ मध्ये घातला गेला. सामान्य वाहनचालकाच्या कामाचा हा सर्वात मोलाचा नियम आहे, असं माझं मत आहे.

त्यात सांगितलं आहे की कॅमेऱ्याला किंवा वेग मोजणाऱ्या यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मंजुरी प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. यंत्र जिथे आहे तिथे वाहनचालकाला कळेल असा सूचनाफलक हवा. नियमभंगाची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवायला हवी. चलनासोबत नियमभंग आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने केलेली मोजणी (वेगाचं चलन असेल तर किती वेग होता ते), तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या कलमाचा भंग झाला ते असायला हवं. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली दिलं जायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याची जागा कलम ६३ ने घेतली आहे.

आता तुमचं चलन या यादीशेजारी ठेवा. फोटोत नंबर वाचता येतो का? गाडीचा प्रकार आणि रंग तुमचाच आहे का? सिग्नलचं चलन असेल तर फोटोत सिग्नल आणि थांबरेषा दोन्ही दिसतात का, की फक्त चौकात उभी असलेली गाडी दिसते? एकाच दिवशी, एकाच जागी, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने दोन चलनं झाली आहेत का? पार्किंगचं असेल तर फलक कुठे आहे?

पोलिसाने हाताने फोटो काढून केलेलं चलन वेगळं तपासावं लागतं. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन करू नये, असे आदेश राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने २०२५ मध्ये दिले. फोटोवर तारीख-वेळ-ठिकाण यांचा छाप नसेल किंवा चलनावरची वेळ आणि फोटोची वेळ जुळत नसेल, तर तो मुद्दा तक्रारीत जरूर लिहा.

यातली एखादी त्रुटी सापडली की चलन आपोआप रद्द झालं, असं समजू नका. त्रुटी तक्रारीत किंवा कोर्टासमोर मांडावी लागते आणि समोरच्याने ती मान्य करावी लागते. पण कागद हातात असला की बोलणं ठाम होतं.

कलम पाहा, मगच ठरवा

चलनावरचं कलम रकमेइतकंच महत्त्वाचं आहे. हेल्मेट नसणं हे कलम १९४-ड, त्यात कायद्याने १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. दुचाकीवर तिघे बसले तर १९४-क, तिथेही १,००० रुपये आणि लायसन्सवर तीच टांगती तलवार. सीट बेल्ट १९४-ब, १,००० रुपये. कारचा अतिवेग कलम १८३ खाली १,००० ते २,००० रुपये. लायसन्स नसताना गाडी चालवली तर कलम १८१, ५,००० रुपये. विमा नसेल तर कलम १९६, पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे कायद्यातले आकडे झाले. राज्य सरकार तडजोड शुल्क वेगळं ठरवतं, म्हणून चलनावरची रक्कम याहून वेगळी दिसू शकते.

तडजोड शुल्क हा शब्द नीट समजून घ्या. कलम २०० खाली काही गुन्ह्यांत ठरावीक रक्कम भरून प्रकरण कोर्टात न जाता मिटवता येतं. चलन "भरणं" म्हणजे ही तडजोड. सगळ्या गुन्ह्यांना ती लागू नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण (कलम १८५, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही) कोर्टातच जातं. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली असेल तर कलम १९९-अ लागतं: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अशा कलमांच्या बाबतीत हा लेख वाचून स्वतः मार्ग काढू नका, थेट वकील गाठा.

पोलिसांकडेच असेल तर

चलन अजून पोलिसांच्या संकेतस्थळावर असेल तर दोन वाटा आहेत.

चूक आपली असेल तर भरून टाका. आमच्या चार चलनांपैकी दोन हेल्मेटची होती, दोन्ही फोटोंत मीच होतो, डोकं उघडं. त्याच संध्याकाळी यूपीआयने भरली आणि पावती उतरवून घेतली. एक लक्षात ठेवा: खात्यातून पैसे गेले पण चलन "थकीत"च दिसतंय, असं झालं तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासा. तरीही बदल नसेल तर त्याच क्रमांकासह तक्रार करा.

चलन चुकीचं वाटत असेल तर संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. तिथे लांबलचक कैफियत लिहू नका. वाचणाऱ्याला एका मिनिटात मुद्दा कळायला हवा. मी असं लिहिलं होतं:

"चलन क्रमांक अमुक. फोटोतील वाहन मोटरसायकल आहे. या क्रमांकाचे माझे वाहन स्कूटर आहे. सोबत आरसीची प्रत, माझ्या वाहनाचे पुढून, मागून व बाजूने काढलेले फोटो जोडले आहेत. बनावट क्रमांकाच्या वापराबाबत पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत जोडली आहे. चलन रद्द करावे ही विनंती."

यातलं शेवटचं कागदपत्र विसरू नका. आपला नंबर दुसरा कुणी वापरतो आहे असं दिसलं की पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यायलाच हवी. आज त्याने हेल्मेट घातलं नव्हतं, उद्या तो अपघात करून पळाला तर पोलीस तुमच्या दारात येतील. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची केली आहे. ती अजून लावली नसेल तर लावून घ्या. अस्सल प्लेटवरचा लेझर क्रमांक दाखवता आला की बनावट प्लेटचा वाद लवकर सुटतो.

तक्रार फेटाळली गेली तर? मग कोर्टात बोलायची संधी उरते. तोपर्यंत माहिती अधिकाराचा अर्ज करून ठेवता येतो. दहा रुपये शुल्क, साधारण ३० दिवसांत उत्तर. "अमुक ठिकाणच्या यंत्राचं अमुक तारखेला लागू असलेलं मंजुरी प्रमाणपत्र" आणि "सूचनाफलक बसवल्याची नोंद" अशी नेमकी कागदपत्रं मागा. "का", "कसं" असे प्रश्न विचारू नका, त्यावर अर्ज परत येतो.

आभासी न्यायालयात गेलं असेल तर

चलनाच्या स्थितीत ते कोर्टाकडे पाठवल्याचं दिसलं तर पोलिसांच्या खिडकीवर वेळ घालवू नका. पुढची जागा आभासी न्यायालय, ज्याला व्हर्च्युअल कोर्ट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या ई-कोर्ट्स प्रकल्पातली ही सोय २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरला, तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते, तिचा आरंभ झाला.

पत्ता आहे "व्हीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन". तिथे राज्य निवडताना नीट पाहा. महाराष्ट्राच्या नावापुढे विभाग लिहिलेला असतो, आरटीओचं चलन आणि वाहतूक पोलिसांचं चलन वेगवेगळ्या विभागांत असतं. एका विभागात काही सापडलं नाही तर दुसऱ्यात बघा. मोबाइल क्रमांक, सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक), नाव आणि चलन किंवा गाडी क्रमांक अशा चार मार्गांनी शोधता येतं. माझ्या अनुभवात गाडी क्रमांक सर्वात भरवशाचा, कारण जुन्या आरसीवरचा मोबाइल क्रमांक बहुतेकांचा बदललेला असतो. आमचाही बदललेला होता, म्हणूनच तर वडिलांपर्यंत एकही मेसेज पोचला नव्हता. (आरटीओच्या नोंदीतला मोबाइल क्रमांक परिवहनच्या संकेतस्थळावर अद्ययावत करता येतो. हा लेख वाचून एकच काम करायचं असेल तर ते करा.)

प्रकरण उघडलं की न्यायाधीशांनी प्रस्तावित केलेला दंड दिसतो आणि दोन पर्याय येतात: दंड भरतो, किंवा प्रकरण लढवतो. भरलात तर प्रकरण तिथेच निकाली निघतं. त्याचा अर्थ तुम्ही गुन्हा मान्य केला, हे ध्यानात ठेवून बटण दाबा. लढवायचं म्हटलंत तर प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं आणि तिथे हजर राहावं लागतं. चलन दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडणारा दिवस मोजूनच ठरवा. आमची दोन तिथे होती, एक हेल्मेटचं आणि एक पार्किंगचं. दोन्ही भरून मोकळे झालो.

कोर्टातला खटला कसा शोधायचा

इथे लोक सर्वात जास्त गोंधळतात. समन्स जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं, तारखा होऊन गेलेल्या असतात आणि मालकाला पत्ताच नसतो. आमच्या सिग्नलच्या चलनाचं तसंच झालं.

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे संकेतस्थळ किंवा त्याच नावाचं अ‍ॅप उघडा. सीएनआर क्रमांक हाती असेल तर काम अर्ध्या मिनिटाचं. हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक देशातल्या प्रत्येक खटल्याला वेगळा असतो. महाराष्ट्रातल्या खटल्याची सुरुवात एम आणि एच या अक्षरांनी होते, पुढे जिल्ह्याची खूण, मग न्यायालयाची आस्थापना आणि खटल्याचा अनुक्रम, आणि शेवटचे चार अंक वर्षाचे.

तो नसेल तर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून शोधा. संकुल निवडताना तुम्ही कुठे राहता ते विसरा. गुन्हा जिथे घडला त्या हद्दीचं कोर्ट निवडा. वाहतुकीचे खटले बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे असतात आणि "एस.सी.सी." म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला या प्रकारात नोंदलेले असतात. खटला क्रमांक माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा, वर्ष टाका, आणि "प्रलंबित" व "निकाली" असे दोन्ही पर्याय पाहा.

नावाच्या शोधात चिकाटी लागते. नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये भरलेली असतात आणि भरणारा माणूस घाईत असतो. एकच आडनाव तीन तऱ्हांनी सापडतं. आधी आडनाव की आधी नाव, हेही ठरलेलं नसतं. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरंच टाकून पाहा. वडिलांचा खटला मला चौथ्या प्रयत्नात सापडला, त्यांच्या आडनावातलं एक अक्षर गाळलेलं होतं. समोरच्या बाजूला महाराष्ट्र शासन असतं. पोलीस ठाण्याचं नाव आणि नोंदीचा क्रमांक ठाऊक असेल तर तोही मार्ग आहे.

सापडल्यावर चार गोष्टी लिहून घ्या: दाखल झाल्याची तारीख, पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोर्ट रूम क्रमांक. अ‍ॅपमध्ये खटला जतन करून ठेवला तर दर वेळी शोधावा लागत नाही.

दाखल झाल्याच्या तारखेकडे बारकाईने बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८) फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते, आणि एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची एका वर्षात. गुन्ह्याची तारीख आणि दाखल तारीख यांत याहून जास्त अंतर असेल तर तो मुद्दा वकिलाला किंवा न्यायाधीशांना जरूर सांगा. कोर्टाला योग्य कारणासाठी उशीर माफ करता येतो, त्यामुळे "सहा महिने झाले की चलन संपतं" हे लोकांमध्ये पसरलेलं वाक्य तसंच्या तसं खरं मानू नका.

खटल्यातली कागदपत्रं हवी असतील तर त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. खटला क्रमांक, पक्षकारांची नावं आणि नेमकं काय हवं ते लिहा: तक्रार, सोबत जोडलेला फोटो व प्रमाणपत्र, रोजनामा, निकाल. अर्जावर कोर्ट फी तिकीट लागतं. रोजनामा मागायला विसरू नका, कोणत्या तारखेला काय झालं ते त्यातच असतं. समन्स बजावलं गेलं की नुसतं परत आलं, हे आम्हाला रोजनाम्यातून कळलं. निकाली निघालेल्या जुन्या खटल्याची फाइल अभिलेख कक्षात गेलेली असते, तिथून यायला दिवस लागतात. कोर्टाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागू नका. प्रमाणित प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच घ्यायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

तारखेच्या दिवशी

कोर्ट बसायच्या आधी पोचा. दालनाबाहेर लावलेल्या बोर्डावर आपला क्रमांक शोधा, तोच बोर्ड आदल्या दिवशी ई-कोर्ट्सवरही दिसू शकतो. ओळखपत्र, आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी आणि चलनाची प्रिंट सोबत ठेवा. न्यायाधीशांसमोरच्या लिपिकाला हजर असल्याचं सांगून पुकाऱ्याची वाट बघा.

तुमच्यावरचा आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? याचं उत्तर घरून ठरवून या. कबूल असेल तर दंड सांगितला जातो. तो भरून पावती घ्या, आणि पावतीवर खटला क्रमांक बरोबर आहे का ते खिडकीसमोरच तपासा. कबूल केल्यानंतर अपिलाला फारशी जागा उरत नाही, फार तर शिक्षेचं प्रमाण किंवा तिची कायदेशीरता यावर बोलता येतं. कबूल नसेल तर पुढची तारीख मिळते, सरकार पक्षाला साक्षीदार आणावा लागतो, आणि तुम्हाला त्याला प्रश्न विचारता येतात. वकील सक्तीचा नाही, पण उलटतपासणी करायची असेल तर असलेला बरा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेले लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

तारखा चुकल्या असतील तर घाबरून आणखी लांब पळू नका. हजर न राहिल्यास आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. स्वतः जाऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला आणि पत्ता बदलल्याचा पुरावा जोडला, तर बहुतेक न्यायाधीश ऐकून घेतात. वडिलांनी तेच केलं. सिग्नल तोडल्याचं त्यांनी मान्य केलं, दंड भरला आणि दुपारी जेवायला आम्ही घरी होतो.

लोकअदालतीची वाट पाहावी का?

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, बहुधा शनिवारी भरते. थकीत चलनं तिथे दाखलपूर्व (कोर्टात खटला दाखल होण्याआधीची) प्रकरणं म्हणून ठेवली जातात आणि बऱ्याचदा रक्कम कमी करून मिळते. किती कमी, हे ठरलेलं नसतं. तारीख जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे विचारा. चलनांची यादी छापून न्या, सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून जे चलन तुम्हाला मुळातच चुकीचं वाटतं ते तिथे सवलतीच्या मोहाने मिटवू नका.

माझा सल्ला: चलनं खरी असतील, रक्कम मोठी असेल आणि लोकअदालत महिन्याभरात असेल, तर थांबा. एकच हजाराचं चलन असेल तर थांबण्यात अर्थ नाही, मधल्या काळात ते कोर्टात गेलं तर काम वाढतं. आमचं उरलेलं पार्किंगचं चलन तेवढं लोकअदालतीत मिटलं, आणि तेही तारीख नेमकी पुढच्याच आठवड्यात होती म्हणून.

गाडी विकली, पण चलनं तुम्हालाच येत आहेत

कायद्याच्या नजरेत ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. विक्रीचा शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर घरात ठेवून काही होत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात, अपघाताच्या भरपाईच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं होतं. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज) यांवर सह्या करून गिऱ्हाइकाच्या हाती सोपवणं आणि "तो करून घेईल" म्हणणं, हीच चूक सगळे करतात. अर्ज स्वतः दाखल करा, पोच घ्या आणि नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला तपासा.

गाडी तुमचीच, पण चालवत दुसरा होता, असं असेल तर कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव-पत्ता सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. भाच्याला वाचवायला गप्प बसलात तर त्याचा गुन्हा तुमच्या डोक्यावर येतो.

रस्त्यात अडवलं तर

थोडक्यात सांगतो. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं नियम १३९ नुसार चालतात. लायसन्स जप्त केलं तर कलम २०६ खाली तात्पुरती पोच मिळायला हवी, आणि मूळ लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. पोच न घेता लायसन्स सोडू नका. रोख पैसे मागितले तर यंत्रावरची पावती मागा. पावती नसेल तर तो दंड नव्हे.

सगळं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोलीस, आरटीओ आणि आभासी न्यायालय या तिन्ही ठिकाणी पुन्हा गाडी क्रमांक टाकून पाहा, आणि परिवहनच्या वाहन नोंदीत गाडीवर काही अडथळा लावलेला नाही ना, तेही बघा. तसा अडथळा राहिला तर नाव बदलणं, ना हरकत प्रमाणपत्र अशी आरटीओची कामं अडतात. पावत्या आरसीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा, गाडी विकेपर्यंत.

सातवं चलन तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी रद्द झालं. त्या संध्याकाळी मी गिऱ्हाइकाला फोन केला. त्याने पुन्हा नंबर टाकून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओच्या दारात भेटायचं ठरलं, फॉर्म २९ आणि ३० घेऊन.